तळहाताएवढी चित्रं

चिंचगव्हाणात रस्ता संपून जिथे नुसती पायवाट उरते, तिथे एक कुडाची झोपडी होती. त्या झोपडीत सगुणा आणि तिची माय अशा दोघीच राहत. सगुणा पाळण्यात होती तेव्हाच तिचे बाबा देवाघरी गेले होते. माय वीटभट्टीवर कामाला जाई. उजाडायच्या आत भाकरी थापून निघे आणि दिवेलागणीला परत येई. तेव्हा तिच्या केसांवर, पापण्यांवर, अगदी कानांच्या पाळ्यांवरसुद्धा विटांची लाल लाल धूळ बसलेली असे. बिचारी इतकी दमलेली असे की भाकरीचा घास हातात धरूनच तिचा डोळा लागे.

आणि सगुणाला तर मायला किती किती सांगायचं असे! ती गावातली वासरं राखायची ना, त्यामुळे दिवसभरात तिला काय काय दिसे. बगळा म्हशीच्या पाठीवर बसून ऐटीत नदीपार गेला. खारीनं शेंगदाणा पुरला आणि कुठे पुरला तेच विसरली. पांढऱ्या वासराच्या नाकावर पिवळं फुलपाखरू बसलं आणि वासरू शिंकलं! पण सांगायचं कुणाला? माय तर झोपलेली. मग सगुणा ते सगळं भिंतीवर काढून ठेवी. कोळशाचा काळा, विटेच्या तुकड्याचा लाल, झेंडूच्या पाकळ्या चुरडून पिवळा. पहाटे चूल पेटवताना मायला ते चित्र दिसे, ती गालातल्या गालात हसे आणि झोपलेल्या सगुणाच्या कपाळावरून हात फिरवून कामाला जाई.

हिवाळ्याच्या एका सकाळची गोष्ट. नदीकाठी दादारावकाकांचं जवसाचं शेत फुलून आलं होतं. जवसाची फुलं तुम्ही पाहिली आहेत का? इवलीइवली, नाजूक, आणि निळी म्हणजे अशी निळी, जणू आभाळच खाली उतरून झुलतंय. ही फुलं सकाळी उमलतात आणि ऊन डोक्यावर आलं की गळून जातात. तर त्या सकाळी ठमी नावाचं एक अवखळ वासरू उड्या मारत थेट त्या शेतात शिरलं.

"अगं ठमे, फुलं तुडवशील!" म्हणत सगुणा मागे धावली. पण बांधावर येताच ती थबकली. मग चवड्यांवर, दोन ओळींच्या मधून, एकाही रोपाला धक्का लागू न देता ती आत गेली आणि ठमीला कान धरून तसंच हळूच बाहेर घेऊन आली. मागे वळून पाहते तर एक रोप मोडून वाकलेलं. ठमीचाच पाय लागला होता. सगुणाला फार वाईट वाटलं. तिनं ओढणीच्या काठाचा एक धागा ओढला, एक काडी शोधली, काडी रोपाशेजारी रोवली आणि रोप उभं करून धाग्यानं अलगद बांधलं.

"लवकर बरं हो हं," ती रोपाला म्हणाली.

"झाले की बरी!" रोप म्हणालं.

सगुणा दचकून मागेच बसली. रोपाच्या टोकाचं फूल थरथरलं, त्यातून निळी चमचम उडाली आणि फुलात एक परी उभी राहिली. गव्हाच्या ओंबीएवढी उंच! तिचा परकर पाच निळ्या पाकळ्यांचा होता, पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ आणि केस सोनेरी धाग्यांसारखे लांबच लांब.

"माझं घर बांधून दिलंस, म्हणून तुझे आभार मानायला आले," परी म्हणाली. "माझं नाव अळशी."

"आळशी?" सगुणा म्हणाली.

"आळशी नव्हे गं, अळशी!" परीनं एवढासा पाय आपटला. "जवसालाच अळशी म्हणतात. दरवर्षी कुणीतरी असंच म्हणतं! मी तर सूर्याच्याही आधी उठते."

सगुणाला हसू फुटलं, मग परीलाही फुटलं. दोघी हसल्या तशी आजूबाजूची सगळी फुलं डोलायला लागली.

परीनं टाळी वाजवली. सगुणाच्या ओंजळीत एक गोल डबी आली. झाकण उघडलं तर आत चिमुकल्या वाट्यांमध्ये रंग! पळसाच्या फुलाचा केशरी, पोपटाच्या पंखाचा हिरवा, पिकल्या लिंबाचा पिवळा, ओल्या मातीचा तपकिरी, गुंजेचा लाल, बगळ्याच्या पिसाचा पांढरा आणि मधोमध जवसाच्या फुलाचा निळा. सगळे रंग तेलानं कसे लकाकत होते. सोबत खारीच्या शेपटीच्या केसांचा एक कुंचला होता.

"हे जवसाच्या तेलात कालवलेले रंग आहेत," परी म्हणाली. "ह्यांनी काढलेल्या चित्रात जो कुणी असेल ना, त्याची एक इच्छा पुरी होईल. पण नियम नीट ऐक. दिवसाला एकच चित्र काढायचं आणि तेही तळहाताएवढंच. माझी फुलं उमललेली असतील तोवर ह्या रंगांत जादू राहील, फुलं गळली की त्या दिवसापुरती संपली. आणि सगळ्यांत मोठा नियम. इच्छा तुझी नाही, चित्रातल्याची. त्याला काय हवंय ते तुला ओळखून सांगावं लागेल."

"आणि चुकलं तर?"

"तेलाचे रंग मोठे आळशी असतात." परी डोळे मिचकावून म्हणाली. "सुकायला दिवसचे दिवस लावतात. तू बरोबर ओळखलंस तर चित्र क्षणात सुकेल. चुकलीस तर ओलं राहील, मग आणखी बघायचं. बघत राहायचं."

सगुणा डबी छातीशी धरून गावात पळाली. सुताराच्या अंगणात लाकडाची लहानलहान फळकुटं पडलेली असत, ती तिनं मागून आणली. आता पहिलं चित्र कुणाचं काढावं बरं?

शेजारी गंगूकाकू कुंभारीण राहायच्या. त्यांचं गाढव होतं गुलाब. गुलाब पाठीवर गोणी घेऊन दारात मान खाली घालून उभा होता. सगुणा त्याच्यासमोर बसली. राखाडी अंग, लांब मऊ कान, डोळ्यांभोवती पांढरी कडी, सगळं तिनं फळकुटावर उतरवलं. मग म्हणाली, "गुलाबला हिरवं गवत हवंय."

बोट लावून पाहिलं. चित्र ओलं.

"गुलाबला आराम हवाय."

चित्र ओलंच.

"गुलाबला गूळ हवाय! गाजर हवंय! दुसरं नाव हवंय!"

बोटाला रंगच रंग लागला. मग मात्र सगुणा गप्प बसली आणि नुसती बघत राहिली. गुलाब मधूनच एक कान वळवत होता. मधूनच पाठीची कातडी थरथरवत होता. आणि सारखा, अगदी सारखा, काकूंच्या आव्याशेजारी पडलेल्या राखेच्या ढिगाकडे चोरून पाहत होता. मडकी भाजून झाल्यावर उरलेली मऊ मऊ, कोमट राख!

"कळलं!" सगुणा ओरडली. "त्याला राखेत लोळायचंय!"

चट्! चित्र सुकलं. इतकं झकास सुकलं की उन्हात चमकायला लागलं. त्याच क्षणी गुलाबच्या पाठीवरच्या गोणीची गाठ आपोआप सुटली, गोणी धपकन खाली पडली आणि गुलाब चारी पाय हवेत करून राखेत असा लोळला, असा लोळला! काकू आवाज ऐकून बाहेर आल्या, त्या डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झाल्या.

"अगं बाई, हा हसतोय की काय!" काकू म्हणाल्या आणि पोट धरून स्वतःच हसत सुटल्या. सगुणानं ते चित्र त्यांनाच दिलं. काकूंनी ते दारावर लावलं.

मग रोज एक चित्र होऊ लागलं. सकाळी वासरं रानात सोडायची, जवसाच्या शेतापाशी बसून परीशी गप्पा मारायच्या आणि मग कुणालातरी शोधून काढायचं. परी कधी तिच्या कानामागे केसांत बसून सोबत येई, पण इच्छा ओळखायला मात्र जराही मदत करत नसे.

दादारावकाकांच्या पार्बताकाकूंची कोंबडी खुडूक झाली होती. कुठेही बसायची आणि कुणी उठवायला गेलं की फिस्कारायची. एके दिवशी तर ती चक्क कांद्यांच्या टोपलीत जाऊन बसली. एकेक कांदा चोचीनं पोटाखाली ओढून घेत होती! सगुणानं तिचं चित्र काढलं. चकाकती तांबूस पिसं, लालबुंद तुरा आणि पोटाखालून डोकावणारा गुलाबी कांदा. ह्या वेळी फार वेळ बघावं लागलं नाही.

"तिला आई व्हायचंय," सगुणा हळूच म्हणाली.

चित्र सुकलं. दुसऱ्या दिवशी पार्बताकाकूंना कडब्याच्या गंजीमागे दुसऱ्या कोंबडीनं लपवून घातलेली अंडी सापडली. त्यांनी ती कोंबडीखाली ठेवली. पुढे त्यांतून पिवळीधमक पिल्लं बाहेर पडली आणि कापसाच्या बोंडांसारखी अंगणभर घरंगळायला लागली. काकूंनी कौतुकानं सगुणाला वाटीभर साय दिली. सगुणानं त्यातली अर्धी मायसाठी झाकून ठेवली.

एका म्हशीला शिंगामागे, जिथे तिची तिला जीभ पोचत नाही तिथे, कुणीतरी खाजवायला हवं होतं. एका म्हाताऱ्या कुत्र्याला उन्हाच्या तुकड्याबरोबर सरकत सरकत झोपायचं होतं, पण सारखं कुणीतरी हाकलत होतं. एका बकरीच्या करडाला तर काहीच नको होतं! सगुणानं कितीतरी गोष्टी सांगून पाहिल्या, शेवटी वैतागून म्हणाली, "ह्याला नुसत्याच उड्या मारायच्या आहेत," आणि चित्र चट् सुकलं. गावातल्या दारांवर, गोठ्यांच्या खांबांवर अशी छोटी छोटी चित्रं लुकलुकू लागली. लोक जातायेता थांबून पाहत. "अरे, ही तर आपली काळी म्हैस!" म्हणत आणि कितीतरी दिवसांनी काळीच्या पाठीवरून हात फिरवत.

माय पहाटे कंदील धरून, ज्याचं त्याला द्यायच्या आधी, सगुणाचं ताजं चित्र बघे. "एवढीशी माझी चिमणी," ती म्हणे, "नि केवढं मोठं बघते!" पण म्हणे आपली झोपलेल्या सगुणाला.

आणि मग एके संध्याकाळी माय नेहमीपेक्षा लवकर घरी आली. ती झोपली नाही, जेवलीही नाही. सगुणाला जवळ घेऊन म्हणाली, "पोरी, इथली भट्टी बंद झाली. माती संपली म्हणतात. मुकादम आम्हाला लांबच्या भट्टीवर नेणार आहे. उद्या दुपारच्या आधीच ट्रक यायचाय."

"मीही येते."

"लहान पोरं नेत नाहीत गं तिथे." मायचा आवाज चिरकला. "तू गंगूकाकूंकडे राहा. पावसाळा आला की मी येईन परत. येईनच."

 सगुणानं मनात ठरवून टाकलं. उद्याचं चित्र मायचं! मायची इच्छा काय आहे, ते तर बघावंही लागणार नाही. मायला इथेच राहायचंय.

सकाळी ती पळत शेतात गेली. अळशी फुलात बसून दवानं तोंड धूत होती. सगुणानं सगळं सांगितलं तेव्हा परी गंभीर झाली. म्हणाली, "काढ की मायचं चित्र. नियमात बसतं ते." आणि सगुणाच्या कानामागे येऊन बसली.

घराकडे जायची वाट दादारावकाकांच्या गोठ्यावरून होती. तिथे पाचसहा माणसं जमली होती. गोठ्यात पाखऱ्या बैल फुरफुरत उभा होता. उंचापुरा, पांढराशुभ्र, पण अंगावर मातीचे डाग. त्याला दोन दोरांनी बांधलं होतं. त्यानं स्वतःची गव्हाण मोडली होती, कुंपण पाडलं होतं आणि काल तर काकांनाच शिंगावर घ्यायला धावला होता.

"आता नको हा माझ्या दारात," दादारावकाका कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "थोड्या वेळात व्यापारी येतोय. घेऊन जाऊ दे त्याला, कुठे न्यायचं तिकडे."

"परत नाही यायचा मग तो," कुणीतरी म्हणालं.

"नको येऊ दे," काका म्हणाले, पण हे म्हणताना त्यांनी तोंड फिरवलं.

सगुणा पुढे निघाली. चार पावलं गेली आणि थांबली. पाखऱ्यानं तिच्याकडे पाहिलं होतं. त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून खाली गालावर ओली रेघ उमटली होती.

"अळशी," सगुणा कुजबुजली, "एकच चित्र ना गं?"

"एकच."

"दोन अर्धी अर्धी नाही चालणार?"

"नाही गं बाळ."

 घरी माय गाठोडं बांधत असेल. चार उड्यांत घर येईल. पण पाखऱ्या? माय पावसाळ्यात परत येणार होती. पाखऱ्या कधीच येणार नव्हता, आणि त्याच्यासाठी चित्र काढणारं दुसरं कुणी नव्हतं.

तिनं डोळे पुसले आणि गोठ्यासमोर मांडी घालून बसली.

"ए पोरी, लांब हो!" माणसं ओरडली. पण ती जागची हलली नाही. कुंचला पांढऱ्यात बुडवला, मग तपकिरीत, सावलीसाठी थोडा निळा. फुरफुरणाऱ्या नाकपुड्या, मानेखालची झुलती पोळी, ताणलेले दोर.

"पाखऱ्याला दोर नको आहेत."

ओलं.

"पाखऱ्याला नांगर ओढायचा नाही."

ओलं. उलट नांगर म्हटल्यावर पाखऱ्यानं कान टवकारले.

ऊन वर चढत होतं. पण सगुणा बघत राहिली. आणि मग तिला दिसलं. गोठ्यात एवढी जागा, पण पाखऱ्या अंग चोरून उजव्याच बाजूला उभा होता. डाव्या बाजूला कुणासाठी तरी जागा सोडल्यासारखा! दोर ताणूनही तो त्या जागेत पाऊल टाकत नव्हता. फक्त मान लांब करून तिथली रिकामी गव्हाण हुंगत होता. हुंगायचा आणि फुरफुरायचा. हुंगायचा आणि फुरफुरायचा.

"काका," सगुणानं विचारलं, "इथे कोण बांधलेलं असायचं?"

 दादारावकाका जड आवाजात म्हणाले, "कवड्या. ह्याचा जोडीदार. दोघं वासरं असल्यापासून एका जुवाखाली वाढले. आम्हा भावांची वाटणी झाली. धाकटा यादव नदीपलीकडे गेला, त्याच्या वाट्याला कवड्या."

"त्याला कवड्या हवाय," सगुणा म्हणाली. "तो रागावला नाही, काका. त्याला करमत नाहीये."

चट्! चित्र सुकलं.

आणि नदीच्या अंगानं घुंगरांचा आवाज आला. खळ्ळ खळ्ळ खळ्ळ! सगळ्यांनी माना वळवल्या. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला एक बैल, पाण्यानं निथळत, तुटका दोर मागे फरफटत, शेपूट उंच करून धावत येत होता. लोक भराभर बाजूला झाले. कवड्या सरळ गोठ्यात शिरला आणि त्या रिकाम्या जागेत, अगदी मोजून बेतल्यासारखा, उभा राहिला. पाखऱ्यानं एक मोठा श्वास सोडला. मग त्यानं कवड्याची मान चाटली, कवड्यानं त्याचा कान चाटला आणि दोघंही असे शांत झाले, जणू कधी काही घडलंच नव्हतं.

मागोमाग एक माणूस धापा टाकत आला. कमरेपर्यंत भिजलेला, अनवाणी. तो होता यादव. थोरल्या भावाला समोर बघून तो जागीच थबकला. दोघं भाऊ वाटणीपासून एकमेकांशी बोलले नव्हते.

"पहाटेपासून दोराला हिसके देत होता," यादव खाली बघत म्हणाला. "आत्ता तोडलाच. त्याच्यामागे पळता पळता माझी चप्पल नदीत गेली, दादा."

दादारावकाकांनी स्वतःच्या पायातली चप्पल काढली आणि पुढे सरकवली.

"माझी घाल," ते म्हणाले. "आणि आत ये. पार्बता, चहा टाक गं! यादव आलाय!"

यादवनं चपलेत पाय घातला आणि तो रडायलाच लागला. काकांनी त्याला मिठीत घेतलं. व्यापारी आला तेव्हा त्यालाही बशीभर चहा मिळाला आणि तो रिकाम्या हातानं परत गेला.

पण एवढ्यात रस्त्यावर भोंगा वाजला. ट्रक आला होता.

सगुणा धावली. चिंचेच्या झाडाखाली ट्रक उभा होता. गाठोडी चढत होती. मायनं तिला पाहून हात पसरले आणि सगुणा तिच्या कुशीत शिरली.

"कुठे होतीस गं? मला वाटलं, न भेटताच जावं लागतंय."

"माय, मी तुझं चित्र काढणार होते," सगुणा हुंदका देत म्हणाली. "पण पाखऱ्याला कुणीच नव्हतं गं."

मायला ते पुरतं कळलं नाही, तरी तिनं लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "मग बरोबर केलंस," ती म्हणाली.

मुकादमानं हाक मारली. माय डोळे पुसत ट्रककडे वळली. सगुणा झाडाला टेकून उभी राहिली. तेवढ्यात तिच्या कानामागून अगदी बारीक आवाज आला.

"सगुणा, हात पुढे कर."

अळशी उडून तिच्या तळहातावर आली. तिच्या हातात स्वतःच्या परकराची एक निळी पाकळी होती, नि एका केसाचा कुंचला. "तू रोज सगळ्यांना बघत होतीस ना? मी रोज तुला बघत होते. आजचं माझं चित्र मी अजून काढलेलं नाही. माझी फुलं गळायला अजून थोडा वेळ आहे."

ती चित्र काढायला लागली. पाकळीवर तिळाएवढी सगुणा उमटली. विस्कटलेले केस, नाकावर रंगाचा ठिपका, मोठे मोठे डोळे. परीनं मान तिरकी करून एकदाच तिच्याकडे पाहिलं.

"हिला नवा परकर नकोय," ती म्हणाली. "हिला खाऊ नकोय. हिला माय जागी हवीय. दिवसा, उजेडात, हिच्या शेजारी बसलेली, हिचं सगळं ऐकणारी."

चट्! पाकळीवरचं चित्र सुकलं, इतक्या लखलखीत उजेडात की सगुणाचे डोळे दिपले.

"थांबा! ओ मुकादम, थांबा जरा!"

घुंगरं वाजवत बैलगाडी येत होती. पाखऱ्या उजवीकडे, कवड्या डावीकडे, आणि गाडीत दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून बसलेले. यादवच्या पायात मोठ्या मापाची चप्पल फटक फटक वाजत होती.

"वहिनी, उतरा खाली," दादारावकाका सगुणाच्या मायला म्हणाले. "आम्ही दोघांनी आता दोन्ही काठांची जमीन एकत्र करायचं ठरवलंय. वैरण लावू, आणखी म्हशी ठेवू, दूधदुभतं करू. एकट्या पार्बताला झेपायचं नाही. आम्हाला वर्षभर विश्वासाचं माणूस हवंय."

माय ट्रकवरून बघतच राहिली. "पण भाऊ, दिवसभर लेक माझ्याजवळ..."

"तिला तर घेऊनच या!" यादव म्हणाला. "नाहीतर बैलांच्या मनातलं आम्हाला सांगणार कोण?"

माय अशी झटकन उतरली की गाठोडं वरच राहिलं. ते मुकादमानं हसत हसत खाली टाकलं. सगुणा मायच्या गळ्यात पडली, मायनं तिला उचलून गिरकी घेतली, आणि धुळीचा एवढासा लाल ढग उडाला. तो शेवटचाच. गोठ्यात विटांची धूळ नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा मायचा हात धरून जवसाच्या शेतात गेली. सगळीकडे आता फुलांऐवजी गोल गोल हिरवी बोंडं लागली होती. फक्त काडीला बांधलेल्या त्या रोपावर एकच निळं फूल उरलं होतं. त्यात अळशी उभी होती.

"मी जाते हं आता," परी म्हणाली. "फुलं संपली की मी बियांत झोपायला जाते."

"आळशीच आहेस!" सगुणा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू होतं.

परी खुदकन हसली. "रंग तुझ्यापाशीच ठेव. ते कधी संपणार नाहीत. फक्त जादू आता माझ्याबरोबर चालली. चित्र सुकायला दिवसचे दिवस लागतील, आणि कुणाला काय हवंय ते ओळखलंस तरी ते आपोआप होणार नाही."

"मग मी करीन," सगुणा म्हणाली. "खाजवायचं असेल तर खाजवीन. गाठ सोडायची असेल तर सोडीन. मला जमेल तेवढं मीच करीन."

"हेच ऐकायचं होतं मला," अळशी म्हणाली.

फूल वाऱ्यावर डोललं. आधी निळा, मग सोनेरी, मग पांढराशुभ्र असा उजेड पाकळ्यांतून उसळला, शेतभर पसरला, प्रत्येक बोंडावर एकेक ठिणगी होऊन टेकला आणि हळूच आत विरून गेला. पाकळ्या एकामागोमाग एक खाली आल्या. शेत अगदी शांत झालं.

मायनं काय पाहिलं, कुणास ठाऊक.  मग दोघी गोठ्याकडे आल्या. रात्रीतून एक गाय व्यायली होती. एवढंसं तांबडं वासरू, अजून ओलं, लटपटत्या पायांवर उभं राहायला बघत होतं. सगुणानं फळकूट मांडीवर घेतलं. माय पदर खोचून तिच्या शेजारी टेकली आणि म्हणाली,

"काय हवंय गं त्याला?"

"थांब माय," सगुणा म्हणाली. "आपण दोघी मिळून बघू."